स्वागत सूचनेचे जास्तीचे २८८ बाइट

सप्टेंबर २०२३ चा पहिला सोमवार. घाटकोपरहून मेट्रोत चढले होते. मरोळ नाका येतोय तोच फोन वाजला. लालबागच्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक होते.

"मॅडम, तुमचा प्रोग्रॅम सकाळपासून उघडतो आणि लगेच मिटतो. सातही शाखांत तेच. शनिवारच्या फाइली अजून आल्या नाहीत, आणि काउंटरवर लोक उभे आहेत."

हा प्रोग्रॅम म्हणजे एक साधा एफटीपी क्लायंट. एफटीपी ही जाळ्यावरून फाइली नेण्या-आणण्याची पद्धत, आणि क्लायंट म्हणजे सर्व्हरला हाक मारणारी बाजू. रोज सकाळी शाखेतला संगणक सुरू झाला की तो मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरला जोडला जातो, खात्यांच्या फाइली उतरवून घेतो आणि संध्याकाळी दिवसभराचे व्यवहार परत पाठवतो. मुंबईतल्या साठेक पतसंस्थांमध्ये तो चालतो. २०११ साली मी तो सी भाषेत लिहिला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. इतकी वर्षं मोठी तक्रार आली नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता.

बाकीच्या पतसंस्थांमध्ये सगळं सुरळीत होतं, म्हणजे बिघाड या एकाच संस्थेच्या वाटेवर होता. ऑफिसला न जाता अंधेरीहून दादर, दादरहून करी रोड गाठलं. गणपतीला दोन आठवडे उरलेले, लालबागला मांडवांच्या बांबूंतून वाट काढत चालावं लागत होतं. शाखेत पोहोचले तेव्हा काउंटरवरच्या ताई पासबुकावर हातानं नोंदी करत होत्या.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद सापडली. त्रुटीचा क्रमांक सी००००००५, म्हणजे प्रोग्रॅमनं आपल्या हक्काबाहेरच्या मेमरीला हात लावला. असं पूर्वीही पाहिलं होतं. पण कोणत्या मॉड्यूलमध्ये बिघाड झाला त्या जागी 'अज्ञात' होतं, आणि पत्ता होता ई०ए८ए४ई०. अशा पत्त्यावर माझ्या प्रोग्रॅमची एकही ओळ नसते. प्रोसेसर तिथे गेला कशाला, ते कळेना.

व्यवस्थापकांना विचारलं, "साहेब, शुक्रवारनंतर काही बदललं का?"

"काही नाही. लेखापरीक्षणात शेरा होता, सर्व्हरवर अनधिकृत वापराबद्दल सूचना हवी म्हणून. अध्यक्ष म्हणाले मराठीत टाका. शनिवारी टाकली."

मी सर्व्हरवरची ती सूचना उघडली. सभासदांचं स्वागत, मग संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, मग कायदेशीर इशारा. नऊ ओळींची नीटस, शुद्ध मराठी सूचना. पुन्हा त्या पत्त्याकडे पाहिलं आणि तेव्हा उलगडलं. इंटेलच्या प्रोसेसरवर बाइट उलट क्रमानं मांडून आकडा बनतो. ई०ए८ए४ई० उलटा वाचला की ई०, ए४, ए८, ई०. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, ई०, ए४, ए८ म्हणजे देवनागरी 'न', आणि पुढचा ई० म्हणजे त्याच्या मागून येणाऱ्या अक्षराची सुरुवात. प्रोसेसरनं पुढची आज्ञा कुठे शोधायची ते सांगणाऱ्या जागी त्या सूचनेतलं एक 'न' जाऊन बसलं होतं.

हात गार पडले. कारण याचा अर्थ मला ठाऊक होता.

पतसंस्थेत भरणा चलन असतं ना, त्यावर नावासाठी ठरावीक चौकटी असतात. कुणी फार लांब नाव लिहीत चौकटींच्या पुढे गेलं तर अक्षरं रकमेच्या रकान्यात शिरतात. माणूस रोखपाल असेल तर तो थांबेल, विचारेल. पण जो फक्त रकाना बघतो, त्यात जे दिसेल ती रक्कम मानतो, असा रोखपाल असेल तर? संगणकाच्या मेमरीतला स्टॅक नावाचा भाग तसाच आहे. एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, आपल्या कामापुरती जागा, म्हणजे बफर, तिथे घेतं, आणि थोडं पुढे काम संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ता लिहिलेला असतो. बफर भरून मजकूर पुढे गेला तर परतीचा पत्ता पुसला जातो. मजकूर कुणी जाणूनबुजून रचला असेल तर प्रोसेसर त्यानं सांगितलेल्या ठिकाणी जातो आणि तिथली आज्ञा पाळतो. याला बफर ओव्हरफ्लो म्हणतात.

सूचना तात्पुरती एका इंग्रजी ओळीवर आणायला सांगितली. शाखा सुरू झाल्या. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून सूचना त्यानंच टाकल्याची खात्री करून घेतली आणि सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते, त्यामुळे हा अपघात की हल्ला हे त्याच दिवशी ठरवणं भाग होतं. अपघातच होता. पण दार उघडं होतं, आणि बारा वर्षं उघडं होतं.

ऑफिसात येऊन जुनी फाइल उघडली. एफटीपीच्या नियमांत, जे १९८५ पासून आरएफसी ९५९ या मानक दस्तऐवजात लिहिलेले आहेत, सर्व्हरचं स्वागत अनेक ओळींचं असू शकतं. पहिली ओळ २२० आणि जोडरेघेनं सुरू होते, शेवटची २२० आणि मोकळ्या जागेनं. मी प्रत्येक ओळ वाचताना ती ५१२ बाइटच्या आत आहे का ते तपासलं होतं. काळजीपूर्वक तपासलं होतं. मग त्या सगळ्या ओळी १०२४ बाइटच्या बफरमध्ये स्ट्रकॅटनं, म्हणजे सी भाषेतल्या मजकूर जोडणाऱ्या फंक्शननं, एकामागून एक जोडल्या होत्या, आणि बेरीज तपासलीच नव्हती. ओळ मोजली, ओळींची रास मोजली नाही.

इंग्रजी स्वागताला १०२४ बाइट पुरून उरतात. पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'संस्था' हा डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द. आत स, अनुस्वार, स, हलन्त, थ, काना अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. लालबागची सूचना १३१२ बाइट भरली. २८८ जास्त.

मराठीत लिहिणाऱ्या, मराठीत बोलणाऱ्या मी मराठी माणसांसाठी प्रोग्रॅम लिहिला आणि त्याची मापं घेताना मनात इंग्रजी धरली, हे मला त्या रात्री फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीला सोबत घेतलं. तिनं पायथनमध्ये विसेक ओळींचा खोटा सर्व्हर लिहिला, जो २१ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो आणि जोडणी आली की लांबलचक स्वागत पाठवतो. आधी नुसते इंग्रजी 'ए' भरले. इंग्रजी मोठ्या ए चा संकेतांक हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पद्धतीत ४१. क्लायंट कोसळला आणि पत्त्याच्या जागी ४१४१४१४१ दिसलं, म्हणजे परतीचा पत्ता आता आम्ही पाठवू तो. या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ते आठ आकडे दिसले की पुढचं सांगावं लागत नाही.

तरी आम्ही पुढे गेलो, कारण सरांना, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांना, दाखवायचं होतं. बंद खोलीतलं, जाळ्यापासून तोडलेलं यंत्र घेतलं. दोन दिवस लागले. गुरुवारी दुपारी तिनं खोट्या सर्व्हरला जोडलं आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर उघडला. आम्ही तो उघडला नव्हता. सर्व्हरच्या स्वागतानं उघडला होता. त्या जागी कुणी काहीही उघडू शकलं असतं.

"ताई, अजून पासवर्ड तरी कुठे टाकलाय?" ती म्हणाली.

खरंच होतं. स्वागत लॉगिनच्या आधी येतं. आणि एफटीपीत काही कूटबद्ध नसतं, त्यामुळे संस्थेचा खरा सर्व्हर फोडायचीही गरज नव्हती. शाखेतला राउटर ज्याच्या ताब्यात जाईल तो सर्व्हरच्या नावानं बोलू शकत होता.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आम्हाला कॉलेजात बफर ओव्हरफ्लो शिकवला तो मॉरिस वर्मच्या उदाहरणानं. वर्म म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणारा प्रोग्रॅम. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेला तो वर्म इतर वाटांबरोबरच फिंगर नावाच्या सेवेच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट पाठवून यंत्रांत शिरत होता. त्यातून आम्ही काय घेतलं? सर्व्हरनं येणाऱ्या प्रत्येक क्लायंटवर संशय घ्यावा. उलट बाजू कुणी सांगितली नाही, मीही कधी विचारली नाही. क्लायंट आपण होऊन हाक मारतो, म्हणून पलीकडचा आपलाच असं आपण धरून चालतो. पण २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत जो दोष जाहीर झाला तो नेमका हाच होता: संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता विचारायचा, आणि तो सांगणाऱ्या डीएनएस सेवेचं उत्तर २०४८ बाइटपेक्षा मोठं आलं की स्टॅक ओसंडायचा. २०१९ च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपच्या कॉलिंगमधला बफर ओव्हरफ्लो जाहीर झाला, त्यातून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर फोनमध्ये घालता येत होतं. हे सगळं मी वाचलं होतं. स्वतःच्या फाइलकडे त्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची वाटली होती. तिनं स्ट्रकॅटच्या जागी स्ट्रनकॅट घातलं आणि मर्यादा म्हणून बफरचा पूर्ण आकार, १०२४, दिला. वाचायला अगदी बरोबर वाटतं. मी पण आधी मान डोलावली. मग थांबले. स्ट्रनकॅटला द्यायचा आकडा म्हणजे बफर केवढा आहे तो नव्हे, त्यात अजून किती जागा शिल्लक आहे तो, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी एक सोडून. पूर्ण आकार दिला तर दोष जसाच्या तसा राहतो, फक्त आता सुरक्षित दिसतो. अशी दुरुस्ती दोषापेक्षा वाईट, कारण त्या ओळीकडे पुन्हा कुणी बघत नाही. शेवटी आम्ही जोडकामच काढून टाकलं. ओळ आली की दाखवायची आणि सोडून द्यायची, एकूण मर्यादा ओलांडली की जोडणी तोडायची. मर्यादेवर मजकूर कापावा लागला तर अक्षराच्या सीमेवर कापायचा, तीन बाइटांच्या मधोमध नाही.

खरा धक्का नंतर बसला. सर्व्हरची उत्तरं वाचणारा भाग वेगळा काढून लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीची हद्द ओलांडली की लगेच पकडणारं साधन, लावून बांधला आणि त्यावर फझर सोडला. फझर म्हणजे खऱ्या उत्तरांची हजारो प्रकारे मोडतोड करून ती प्रोग्रॅमला भरवत राहणारं साधन. रात्री लावून घरी गेलो. सकाळपर्यंत आणखी दोन जागा सापडल्या होत्या. फाइलीसाठी कुठे जोडायचं ते सर्व्हर सांगतो ते पॅसिव्ह जोडणीचं २२७ क्रमांकाचं उत्तर, ज्यात स्वल्पविरामांनी सहा आकडे येतात, ते मी ३२ बाइटांत उतरवून घेत होते, न मोजता. आणि फाइलचं नाव २६० च्या पुढे गेलं तर तिथेही तेच. एकच सवय तीन ठिकाणी उमटली होती.

शिवाय प्रोग्रॅम अजून १९९८ च्या व्हिज्युअल सी++ ६ वर बांधला जात होता, कारण जुन्या लायब्ऱ्या त्यावरच चालत. त्या कंपायलरला स्टॅकवर पहारा ठेवणारी खूण घालता येत नाही. पुढच्या आवृत्त्यांत ती आपोआप येते: परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त आकडा ठेवतात, फंक्शन संपताना तो बदललेला दिसला की प्रोग्रॅम तिथेच थांबवतात. स्टॅकवरच्या मजकुराला आज्ञा म्हणून चालू न देणारं डीईपीही अशा जुन्या बांधणीच्या प्रोग्रॅमला विंडोज आपण होऊन लावत नाही. नव्या कंपायलरवर यायला दोन आठवडे गेले, आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसती मेहनत.

अवघड काम वेगळंच होतं. सरांनी कॅल्क्युलेटर उघडताना पाहिला, बराच वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "नवीन आवृत्ती दे सगळ्यांना. कारण कशाला सांगायचं? साठ संस्था आहेत. एकानं जरी ओरड केली तर बाकीच्या जातील."

त्यांची भीती खोटी नव्हती. वीस जणांचं ऑफिस आहे, त्यांनी कर्ज काढून उभं केलेलं. पण मला पतसंस्था माहीत आहेत. 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलेली आवृत्ती तिथे सहा महिने कुणी लावत नाही, कारण प्रत्येक अपडेटनंतर पासबुकाचा प्रिंटर बिघडल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. धोका सांगितला तरच ते हलतील. मी हे सांगितलं, दोनदा सांगितलं. सर म्हणाले, विसर्जनानंतर बघू.

विसर्जन झालं. आणि ११ ऑक्टोबरला कर्लची ८.४.० आवृत्ती आली. कर्ल हे जगभरातल्या अगणित यंत्रांत बसलेलं क्लायंट सॉफ्टवेअर. त्यात सॉक्स५ प्रॉक्सीकडे, म्हणजे मधल्या एका सर्व्हरकडे, यजमानाचं (जिथे जायचं त्या यंत्राचं) नाव पाठवताना ते २५५ बाइटपेक्षा लांब असलं तर बफर ओसंडत होता. नाव लांब असेल तर दुसरी वाट घ्यायची असं ठरलेलं होतं, पण प्रॉक्सीशी हस्तांदोलन, म्हणजे जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण, सावकाश झालं की तो निर्णय विसरला जात होता. कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी दोष कसा झाला ते ओळ न ओळ उलगडून लिहिलं, चूक आपलीच होती आणि ती १३१५ दिवस कुणाच्या लक्षात आली नाही हेही लिहिलं.

मी ते मेट्रोत उभ्यानं वाचलं. चकाल्याला उतरून थेट सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, हे वाचा. यांचं सॉफ्टवेअर कोट्यवधी यंत्रांवर आहे, आपलं २३० वर. ते स्वतःचं नाव घालून सांगतात. आपल्या पत्रातही लिहू या की ही ओळ मी लिहिली होती. कुणी ओरडलं तर माझ्यावर ओरडू दे."

सरांनी पूर्ण वाचलं. चष्मा काढला. "तुझं नाव नको," म्हणाले. "पत्र माझ्या सहीनं जाईल. पण तू म्हणतेस तसं, सगळं लिहून."

त्याच दिवशी सर्ट-इनला अहवाल पाठवला. दोषाचं वर्णन, कोणत्या आवृत्त्यांत आहे, खोट्या सर्व्हरचा कोड, दुरुस्ती, सगळं त्यांच्या पीजीपी चावीनं कूटबद्ध करून, म्हणजे फक्त त्यांनाच वाचता येईल असं. २००४ पासून ही संस्था काम करते आणि २०२१ पासून सीव्हीई क्रमांक, म्हणजे जाहीर दोषांना मिळणारा जगभर एकच असा क्रमांक, देण्याचा अधिकारही तिच्याकडे आहे. त्यांच्याकडून प्रश्न आले, आम्ही उत्तरं दिली, क्रमांक यथावकाश मिळाला. आमची चर्चा अडली ती तीव्रतेच्या गुणांवर. क्लायंट जोडायला माणसानं काही करावं लागतं असं धरलं तर १० पैकी ८.८, नाही धरलं तर ९.८. आमचा प्रोग्रॅम संगणक सुरू होताच आपण होऊन जोडतो, कुणी बटण दाबत नाही. मी ९.८ लिहिले. स्वतःच्या कामाला स्वतःच्या हातानं तो आकडा देणं सोपं नव्हतं.

पतसंस्थांना पाठवायचं पत्र लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात 'स्टॅक', 'रिमोट कोड' वगैरे होतं. सरांनी तो परत दिला: "भांडुपच्या व्यवस्थापकांना यातलं काय कळेल?" मग भरणा चलनाच्या चौकटी आल्या. खाली तीन ओळी: तोपर्यंत सर्व्हरची सूचना एका ओळीची ठेवा, शाखेच्या राउटरचा पासवर्ड आजच बदला, नवी आवृत्ती लावायला आम्ही स्वतः येतो.

साठपैकी दोन संस्थांनी करार संपवायचं कळवलं, त्यातली एक नंतर थांबली. बहुतेकांनी पत्राची पोच सुद्धा न देता फक्त विचारलं, कधी येताय. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, जे आता एका संस्थेचे मानद सचिव आहेत, फोन करून म्हटलं, "बाई, चाळीस वर्षांत मला एकाही पुरवठादारानं आपण होऊन असं पत्र पाठवलेलं नाही." पुढे त्यांनी अर्धा तास मला प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न चांगले होते.

मग पेनड्राइव्ह, लोकल आणि पायपीट. मी आणि ती मुलगी आळीपाळीनं. विक्रोळी, भांडुप, मुलुंड एका दिवसात होतात. परळ, लालबाग, काळाचौकी एका दिवसात. कुठे संगणक इतका जुना की नवी आवृत्ती चढेना, तिथे संगणकच बदलायला लावला. प्रत्येक काउंटरवर तोच प्रश्न: "मॅडम, प्रिंटर चालेल ना?" आम्ही दर ठिकाणी एक पासबुक छापून दाखवल्याशिवाय निघालो नाही.

शेवटची शाखा गिरगावात राहिली होती, लालबागच्याच संस्थेची सातवी. दिवस वसुबारसेचा, ९ नोव्हेंबर. दिवाळीसाठी ठेवी मोडायला लोकांची रांग लागलेली. निघण्यापूर्वी मी मुख्य कार्यालयाला फोन करून सांगितलं होतं, मराठी सूचना पुन्हा पूर्ण टाका. नवी आवृत्ती लावली, संगणक पुन्हा सुरू केला. प्रोग्रॅम आपण होऊन जोडला गेला. खिडकीत एकेक ओळ उतरू लागली, नऊच्या नऊ. जुन्या आवृत्तीत देवनागरी नुसती खुणांसारखी दिसायची. आता नीट दिसत होती.

काउंटरवरच्या ताईंनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "अगं बाई, हे आमच्याच संस्थेचं नाव आलंय की," म्हणाल्या, आणि पुढच्या आजोबांचं पासबुक प्रिंटरमध्ये सरकवलं.